पाव मीटर अंजिरी

९ एप्रिल २०२०, गुरुवार

मास्क सक्तीचा झाला. सेक्रेटरी देवधरांनी सकाळी खाली उभं राहून भोंग्यातून सांगितलं. भोंगा तोंडाला लावता यावा म्हणून स्वतःचा मास्क हनुवटीवर ओढलेला. हनुवटी झाकलेली, बाकी सगळा कारभार उघडा. "नाक-तोंड झाकल्याशिवाय कुणीही खाली येऊ नये." स्वतः खालीच. (ह्या वहीत यापुढे त्यांना से. एवढंच. पूर्ण नावाला शाई कोण घालणार?)

मेडिकलमधले मास्क संपले, कापडाची दुकानं बंद. म्हणजे आता अख्खं कोथरूड रुमाल बांधून दरोडेखोरांसारखं दूध आणायला जाणार.

मशीनवरची चादर काढली. ब्लाउज शिवणं सोडून तीन वर्षं झाली. तेल घातलं. आधी कुरकुरलं, मग चाललं. माझ्या गुडघ्यांपेक्षा बरं.

१० एप्रिल

पहिला मास्क ह्यांना. दोन पदर, तीन चुण्या. इलॅस्टिक नाही, म्हणून जुन्या परकराची नाडी. विकतचा एक घरात होता तो उसवून बघितला, झालं. ब्लाउजही असाच शिकले, स्वतःच्या लग्नातला उसवून. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण उसवून.

हे म्हणाले, "कापडाला वास कसला येतोय?"

"डांबराच्या गोळ्यांचा."

"बरंय. विषाणू दारातूनच परत जाईल."

पाच मिनिटांनी शिंक आली. मास्क खाली ओढला, शिंकले, मास्क वर. ह्या माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढली.

११ एप्रिल

पलंगाखालची ट्रंक काढली. सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून उरलेले तुकडे, चाळीस वर्षांचे. खण, रुबिया, टू बाय टू, पॉपलीन. कुणाचा कुठला, आता कोण सांगणार. पडूनच होते. मेल्यावर पोरीने कचऱ्याच्या गाडीत टाकले असते, त्यापेक्षा कुणाच्या नाकाला लागू देत.

चार वाजता गॅलरीत चहा. समोर बी विंगच्या गॅलरीत नलू. बंदी आल्यापासून आमचं हेच चाललंय. ती तिचा कप उंच करते, मी माझा. एरवी रोज चारला एकमेकींकडे असायचो, बत्तीस वर्षं. तिचे यजमान गेले, मुलगा परदेशात, ती घरात एकटी. माणसाशी बोलणं म्हणाल तर दिवसातून हे एवढंच. तिचं आणि खरं सांगायचं तर माझंही. हे बोलतात, पण ते धरायचं नाही.

नलू ओरडली, "मशीन वाजतंय गं तुझं! बरं वाटलं ऐकून."

१४ एप्रिल, मंगळवार

बंदी वाढली. मशीनला विश्रांती नाही.

से. दारात आले, तीन हात लांब उभे राहिले. "काकू, समाजकार्य म्हणून पन्नास शिवा. वाटपाचा छोटेखानी कार्यक्रम घेऊ." जमावबंदीत छोटेखानी कार्यक्रम. "नाव सोसायटीचं लागेल हं." लागू दे. उसन्या उजेडावर किती दिवस मिरवणार.

आज एक अंजिरी तुकडा निघाला, पिवळ्या ठिपक्यांचा, पाव मीटर भरेल. सुती, मऊ, इतक्या वर्षांत रंग तसूभर उतरलेला नाही. काहीतरी आठवल्यासारखं झालं. नाही आठवलं. कापला. चार मास्क बसले बरोबर. एक स्वतःला ठेवला. रंग मला पहिल्यापासून आवडायचा.

१६ एप्रिल

वाटप झालं. एक मास्क देताना से. तीन वेळा फोटो काढून घेणार. स्वतःसाठी त्यांनी अंजिरी उचलला. बाजीरावलाही अंजिरीच मिळाला. (आमचा वॉचमन, मुळशीकडचा. अख्ख्या सोसायटीत नाकावर मास्क घालणारा हा एकटाच.)

पाचव्या मजल्यावरची म्हणाली, "काकू, मोतिया साडीवर जाईल असा नाही का?"

"कुठे निघालीस साडी नेसून?"

"कुठे नाही हो, घरातच."

घरात, मोतिया साडी, वर मॅचिंग मास्क. जग बुडायला लागलं तर ही आधी पाण्याचा रंग विचारेल.

१७ एप्रिल

मागे बांधकाम चालू होतं ते थांबलंय. मजूर तिथेच पत्र्यांत अडकलेत. कंपाउंडच्या भिंतीवरून एक बाई बघत होती, कडेवर मूल, तोंडाला पदर. चौथा अंजिरी तिला दिला, बरोबर चार पोळ्या. तिने मास्क आधी मुलाच्या तोंडाला लावून बघितला. मोठा होतो म्हटल्यावर हसली.

से.ने वरून बघितलं. "काकू, बाहेरच्यांशी संपर्क नको." ज्यांनी ह्यांच्यासारख्यांची घरं बांधली ते बाहेरचे.

१९ एप्रिल, रविवार

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

सकाळी सातला दुधाची रांग, चुन्याच्या चौकोनांत एकेक माणूस. नलू माझ्यापुढे दोन चौकोन सोडून. बाजीराव टेबलाशी, हातावर औषध मारायला. तिचा नंबर आला. हात पुढे केला आणि तशीच थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चांगली बघत राहिली.

"बाजीराव, कापड छान आहे हो."

"मावशींनी दिलंय. लई गार वाटतंय बगा."

"हो का? पुरलं म्हणायचं."

एवढंच. मागे वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दूध घेतलं, गेली.

चार वाजता कप घेऊन उभी होते. समोरचं दार बंद. दोरीवर तिने साडी वाळत घातली होती, अशी पसरून की गॅलरी दिसूच नये. साडी कोरडी होती. वाळत घातलेली आणि टांगलेली साडी मला लांबूनही कळते.

२० एप्रिल

आजही नाही.

पाव मीटर! अर्धं जग मरणाच्या दारात उभं आहे आणि हिला चिंधी आठवते. शिवणाऱ्या बाईच्या हाताशी तुकडा राहतोच. कात्री म्हटली की ती थोडं खाणारच. सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी बोलत नाही. मी काय दुकान घालून विकलं? ट्रंकेत जपून ठेवलं. उलट आज ते लोकांच्या कामाला आलं.

ताजा पेपर येत नाही म्हणून हे फेब्रुवारीचा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाशी भांडतेयस?"

"कुणाशी नाही."

"मग जरा हळू भांड."

२२ एप्रिल

फुटलं सगळं. नलू बोलली असेल असं वाटत नाही, तिचा तो स्वभाव नाही. पण एकीचा डोळा पडला की बाकीच्यांचे उघडतात. संध्याकाळी गॅलऱ्यांतून बाजार भरला.

"अहो तो माझा मोरपिशी! जाऊबाईंच्या लग्नातला!"

"आणि हा चिंतामणी रंग? मला काकूंनी सांगितलं होतं, पाठ जोडून शिवावी लागेल, कापड कमी आहे!"

"माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा शेंदरी दूधवाल्याच्या तोंडावर!"

पाचव्या मजल्यावरची तर दुर्बीण घेऊन बसली होती. मुलाची, पक्षी बघायची. खाली कुणी दिसलं की नाक आधी बघतात, माणूस नंतर. ह्याच बायका शिलाई देताना दर वेळी "काकू, घरचंच तर आहे" म्हणत दोन रुपये मागे ठेवायच्या. त्याची आठवण एकीलाही नाही.

से.ने फलकावर सूचना लावली: "शिलाईनंतर उरलेल्या कापडाच्या मालकीबाबत सभासदांनी आपले म्हणणे लेखी द्यावे." सूचना लावताना हनुवटीवर अंजिरी.

हे खाली जाऊन वाचून आले. म्हणाले, "अभिनंदन. आजवर ह्या फलकावर फक्त पाण्याची टाकी गाजली होती."

२४ एप्रिल, शुक्रवार

साडी अजून दोरीवर. सहावा दिवस.

चौदा तारखेला लिहिलंय, "काहीतरी आठवल्यासारखं झालं. नाही आठवलं." खोटं आहे. आठवलं होतं. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणाऱ्या बाईने से.ला नावं ठेवावीत म्हणजे कमालच.

तर लिहिते. सत्तावीस वर्षं झाली. नलूच्या मुलाची मुंज होती. कापड तिच्या आईने आणलेलं, माहेरचं. आई त्याच पावसाळ्यात गेली, म्हणजे ते तिने लेकीला दिलेलं शेवटचं. नलू म्हणाली, "कोपरापर्यंत बाही कर गं. बाकी काही नको." आदल्या वर्षी स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा दंड भाजला होता. डाग कोपरापर्यंत होता. मला माहीत होतं. मलम मीच लावत होते.

म्हटलं, "बेतून सांगते." बेतलं. बसत होतं. पण रंग असा की माझं मन त्यात अडकलं. पोरगी लहान होती, तिच्या फ्रॉकला ह्याचं योक, छातीवरची पट्टी, काय दिसेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "कापड पुरत नाही गं. आखूड बाही चालेल का?"

ती "चालेल की" म्हणाली.

मुंजीत सगळा वेळ दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली होती, भर मे महिन्यात. मातृभोजनाला मुलाला घास भरवताना पदर सरकला, तेव्हा तिने घास अर्ध्यातच थांबवला आणि आधी डावा दंड पदराखाली घेतला. मी समोर बसून जिलबी खात होते.

फ्रॉक शिवलाच नाही. पोरीला तो रंग आवडला नाही.

२६ एप्रिल, रविवार

अक्षय्य तृतीया. आंब्याचा पत्ता नाही. कैरी होती, आंबेडाळ केली. डबा बाजीरावबरोबर नलूकडे धाडला.

तासाभरात डबा परत आला. घासून, पुसून, रिकामा.

बत्तीस वर्षांत आमच्यात डबा रिकामा गेला नव्हता. काही नसलं तर चमचाभर साखर, अगदी नाही तर एक लवंग. माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा तिचा डबा परत देताना मी दोन सुपाऱ्या टाकल्या होत्या.

"काही म्हणाल्या का?"

बाजीराव म्हणाला, "न्हाय. डाळ चांगली झाली व्हती, म्हणल्या. मीठ जरा कमी पडलं, म्हणल्या." मग घुटमळून, "कमी पडलं ह्यावर लई जोर व्हता मावशी."

हे हसले. मी नाही.

२८ एप्रिल

बाजीराव पिशवी घेऊन आला. "बी विंगच्या ताईंनी दिलंय."

पिशवीत ब्लाउज. तोच अंजिरी. इस्त्री करून, वर्तमानपत्रात घडी घालून ठेवलेला. हुकं माझ्या हातची. चिठ्ठी नाही.

"निरोप काय?"

बाजीराव सरळ उभा राहिला, जणू फलक वाचतोय. "बाह्या कोपरापातूर पायजेत. दोन्ही. त्याच कापडाच्या."

रडू आलं. मास्क होता म्हणून बाजीरावला दिसलं नाही. पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

२९ एप्रिल

हिशोब सरळ आहे. एका बाहीच्या वाढीला दोन मास्क उसवावे लागतात. दोन बाह्यांना चार. चारही जमवायचे.

माझा घेतला. बाजीरावला दोन नवे देऊन त्याचा मागितला. गोंधळला बिचारा. "उसवताय कशापायी? चांगला हाय की." सांगितलं. ऐकून घेतलं, मग नाडी सोडून दिला. "माझी बायकोबी अशीच रुसती. तिला मनवाया एक गजरा लागतो, हितं तुमाला चार मास्क."

रोज उकळत्या पाण्यात धुऊन त्याचा पार राखेच्या रंगावर गेलाय. इतका शहाणा माणूस आणि नेमकं त्याच्या शहाणपणानेच माझं नुकसान.

३० एप्रिल

से.कडे गेले. आयुष्यात कधी कुणाच्या दारात असं उभं राहायला लागू नये.

"काकू, तो आता फोटोतला मास्क आहे. लोक मला त्याच्यावरून ओळखतात."

"तुम्हाला लोक भोंग्यावरून ओळखतात. तीन नवे देते."

"पाच. आणि एक खणाचा, सभेसाठी."

मान्य केलं. से. आत गेले, मास्क घेऊन आले. कापड कोरं करकरीत, रंग जसाच्या तसा. असणारच. नाकाचा वारा कधी लागलाच नाही. फक्त हनुवटीच्या ठिकाणी तेलकट अर्धगोल. दोन वेळा शिकेकाईत धुतला, तिसऱ्यांदा केवळ तिरस्काराने.

मी निघताना से. म्हणाले होते, "काकू, त्या लेखी तक्रारींचं काय करायचं?"

"त्यांचे मास्क शिवा."

१ मे, शुक्रवार

चौथा. मागच्या भिंतीशी गेले. हाका मारल्या. पत्रे तसेच, आत कुणी नाही. दोरीवर एक लहान मुलाची चड्डी राहिलेली.

बाजीराव म्हणाला, "गेली मावशी. परवाच. चालत."

"कुठे?"

"गावाकडं. लई लांब हाय म्हणत व्हती." मग, "तोंडावर तुमचाच व्हता. अंजिरी."

घरी येऊन बसले. ह्यांनी विचारलं नाही, पाणी आणून दिलं. त्या बाईच्या तोंडावरून तो ओढून घेतला असता का मी? भिंतीशी गेले तेव्हा पिशवीत बदली मास्क होता, पोळ्या मात्र नव्हत्या. हे लिहून ठेवते.

२ मे

डावी बाही आधी. चाळीस वर्षांत नेहमी उजवीपासून सुरुवात केली, आज डावी. माझा एक आणि बाजीरावचा एक जोडून. अर्धी अंजिरी, अर्धी राखाडी. चुण्यांच्या रेघा इस्त्रीनेही गेल्या नाहीत. बाही कसली, कुणाच्या तरी कपाळासारखी दिसते. पण कोपर झाकतं. डाग झाकतो. स्वतःच्या हातावर चढवून बघितलं.

उजवीला एकच तुकडा आहे, से.चा. अर्ध्यापर्यंत येतो.

हे म्हणाले, "दुसरं जवळपासचं कापड लाव. तिला कळणार नाही."

"तिला? तिने सत्तावीस वर्षांनी वॉचमनच्या तोंडावर ओळखलं."

"मग खरं सांग."

तेच सांगायचं आहे. उजवीला कापड कमी पडतंय. ह्या वेळी अगदी देवाशपथ कमी पडतंय. आयुष्यभर जे वाक्य बायकांच्या तोंडावर फेकलं, ते आज पहिल्यांदा खरं आहे. आणि माझ्या तोंडून ते ऐकायला तयार असेल असं एक माणूस ह्या सोसायटीत नाही.

३ मे, रविवार

बंदी आणखी वाढली. से. भोंग्यावर. खणाचा मास्क, हनुवटीवर.

चारला चहा केला. एका हातात कप, दुसऱ्यात ब्लाउज, तशीच गॅलरीत गेले. समोरची साडी नव्हती. दोरी मोकळी. नलू उभी होती, कप नव्हता हातात. बारीक झालीय.

मी ब्लाउज उंच धरला, डावी बाही पुढे करून. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ. पाचव्या मजल्यावरचीही बघत होती, दुर्बिणीतून.

"डावी झाली!" मी ओरडले.

"दिसतंय," नलू म्हणाली. "आणि उजवी?"

मी मास्क खाली ओढला, ऐकू जावं म्हणून. "कमी पडलं" एवढंच म्हणायचं होतं, परत वर घेतला.

ती वाट बघत उभी. आत गेली नाही. चहा पार निवला तरी मी तशीच.